एकोणतीस नंबरचा डबा

बद्रीनाथ इंगोले पुण्यात पाला कुटायची नोकरी करतो, हे त्याच्या गावात कुणाला खरंच वाटत नसे. गाव दारव्ह्याकडचं. तिकडून माणूस पुण्याला यायचा तो भोसरीच्या कारखान्यात चिकटायला, नाहीतर एखाद्या सोसायटीच्या फाटकावर बसायला. बद्रीनाथ सुट्टीत गावी गेला की पारावर चौकशी होई, "काय करतं रे बाप्पा तू तिथी?"

"पाला वाळवतो, कुटतो, स्पिरिटात भिजू घालतो."

"आन मंग?"

"मंग गाळतो. गाळलं की आटवतो."

लोक एकमेकांकडं बघत. एका म्हाताऱ्यानं तर त्याला बाजूला घेऊन कानात विचारलं होतं, "पोलीस तं नाई ना येत तिथी?"

हातभट्टी नव्हती हो ती! पाषाणच्या रस्त्याला एक संशोधन संस्था होती, तिथली प्रयोगशाळा होती. दारातल्या सदाफुलीतून रक्ताच्या कर्करोगावरचं औषध निघालं, त्याच्या आधारानं कितीतरी लहान मुलं बरी झाली, हे तेव्हा सगळ्या जगाला ठाऊक झालेलं होतं. मग एका झाडात निघालं तर दुसऱ्यात का निघू नये, अशा आशेवर संस्थेनं साठ औषधी झाडांची यादी केली होती. प्रत्येक झाडाला नंबर. नंबराचा पत्र्याचा डबा. त्या साठ डब्यांचा राखणदार म्हणजे आपला बद्रीनाथ.

शिक्षण सातवी. पण सातवीपर्यंतच्या शाळेत त्याला असे गुरुजी भेटले होते, की ते दर शनिवारी पोरांना शिवारात पिटाळायचे आणि पाच पानं आणायला लावायचे. मग डोळ्यांवर रुमाल बांधून पान नाकाशी धरायचं नि नाव सांगायचं. चुकलं की पुढच्या शनिवारी दहा पानं. बद्रीनाथ तिसऱ्या शनिवारानंतर कधी चुकला नाही. हीच विद्या त्याला पुण्यात उपयोगी पडली. प्रयोगशाळेत डिग्रीवाली माणसं डबा उघडून चिठ्ठी वाचत, हा डबा उघडायच्या आधीच सांगे, "सतरा नंबर. जरासा ओला राहिलाय." अर्क आटवायचं जे काचेचं यंत्र होतं, बाटली गरागरा फिरवणारं, त्याला त्यानं 'गरगऱ्या' असं नाव दिलं होतं. पुढं पुढं जर्मनीहून आलेल्या पाहुण्यांनासुद्धा लोक सांगू लागले, "धिस इज अवर गरगऱ्या."

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर दीनानाथ खासगीवाले. सदाशिव पेठेतला जन्म, त्यामुळं रागावले तरी आवाज चढायचा नाही. एका पावसाळ्यात डब्यांना कीड लागली. सरांनी एका डब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "अहो इंगोले, किड्यांवरचं संशोधन आपण कधी हाती घेतलंत? मला कळवायचं तरी." झालं. बद्रीनाथच्या जिव्हारी लागलं ते. पुढच्या पावसाळ्यात एकाही डब्यात एकही किडा दिसला नाही. कसा काय दिसला नाही, हे मात्र सरांनी विचारलं नाही आणि यानंही सांगितलं नाही.

आता नम्रता. नम्रता काळभोर ही तिथं पीएचडी करणारी मुलगी, लोणी काळभोरची. दोन बस बदलून यायची. साल होतं एकोणीसशे नव्याण्णव. सगळं पुणं तेव्हा कॉम्प्युटरच्या मागं लागलेलं! गल्लोगल्ली क्लास निघाले होते. सन दोन हजार लागताच जगातले सगळे कॉम्प्युटर गोंधळणार आणि ते निस्तरायला आपली पोरं विमानानं जाणार, असं लोक सांगत, आणि पोरं खरोखरच जात होती. नम्रताच्या वर्गातल्या चौघी गेल्या. तिचे वडील उसाला पाणी देऊन घरी आले की विचारत, "तुझं हाय का काही जायाचं?"

"नाही आप्पा. माझ्या पेशींना रोज खाऊ घालावं लागतं."

"म्हशीलाबी घालावं लागतंय. त्यापायी एवढं शिकायची काय गरज व्हती?"

तर या पेशी. रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी, कुणा आजारी माणसाच्या रक्तातून फार वर्षांपूर्वी घेतलेल्या आणि तेव्हापासून बाटल्यांत वाढवत ठेवलेल्या. उबदार कपाटात राहायच्या, गुलाबी पाणी प्यायच्या, आणि एकीच्या दोन, दोनाच्या चार होत राहायच्या. खासगीवाले सर त्यांना 'पेठेतले जुने भाडेकरू' म्हणत. मरतही नाहीत आणि जागाही सोडत नाहीत.

काम असं चालायचं. बद्रीनाथनं अर्क काढून द्यायचा. नम्रतानं त्याचे थेंब पेशींवर टाकायचे. त्यासाठी प्लॅस्टिकची एक तबकडी असे, तिला शहाण्णव इवले इवले खळगे. दोन दिवस थांबायचं, मग त्यात एक पिवळं औषध घालायचं. पेशी जिवंत असल्या तर पिवळ्याचा जांभळा रंग होतो. मेल्या असल्या तर पिवळा तो पिवळाच. हे एवढं कळायला काही डिग्री लागत नाही. त्यामुळं तबकडी बाहेर आली की पहिला डोकावणारा माणूस बद्रीनाथ असे. आणि दर वेळी जांभळं. एक नंबर जांभळा, दोन नंबर जांभळा, वीस जांभळा. घरी त्यानं विजयमालाला, म्हणजे बायकोला, बजावून ठेवलं होतं, "जांभया रंगाचं लुगडं घेजो नको. माह्या डोक्यात जाते."

आणि ऑक्टोबरातल्या एका सकाळी, साधारण अकराचा सुमार असेल, एकोणतीस नंबरची तबकडी बाहेर आली.

पिवळी!

अगदी झेंडूसारखी. आजूबाजूला सगळं जांभळं, आणि मधल्या ओळी पिवळ्याधमक. बद्रीनाथनं तिच्या खांद्यावरून पाहिलं आणि तो ओरडला, "ताई, मेले! भाडेकरू मेले!" त्या ओरडण्यानं शेजारच्या खोलीतली माणसं अग्निशमनाची बादली घेऊन धावत आली, इतका तो आवाज होता. सर आले. चष्मा वर करून त्यांनी पाहिलं, चष्मा खाली करून पाहिलं. "पुन्हा करा," म्हणाले.

पुन्हा केलं. पिवळी. तिसऱ्यांदा केलं. पिवळी. तोवर बाकीचे नंबरही संपले. साठांतला एकटा एकोणतीसच पिवळा. सरांनी स्वतःच्या हातानं पेढे वाटले, आणि हे संस्थेच्या इतिहासात पहिल्यांदा घडलं. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांना कळवलं गेलं. ते म्हणाले, तीन आठवड्यांनी येतो, आमच्या डोळ्यांसमोर करून दाखवा.

एकोणतीस नंबर म्हणजे कुठलं झाड, ते इथं मुद्दाम लिहिलेलं नाही. लिहिलं तर उद्या कुणीतरी डोंगर बोडका करून काढा उकळत बसायचं.

एवढ्या प्रयोगांत डबा खाली झाला होता. बद्रीनाथ सायकल काढून कसबा पेठेत गेला. तो राहायचा तिथंच, एका खोलीत, आणि त्याच्या घरापासून पाच घरं सोडून शमशुद्दीन अत्तार यांचं काष्ठौषधींचं दुकान होतं. चार पिढ्यांचं. मुळ्या, साली, बिया, सुकी फुलं. पोत्यांच्या मधून वाट काढत आत जायचं. दारात पाटी होती, 'आपणांस काय झाले आहे हे दुकानदारास सांगू नये, वैद्यास सांगावे.' साठच्या साठ झाडं याच दुकानातून जात. एकोणतीस नंबर तर शमशुद्दीनभाई खडकवासल्याच्या पलीकडच्या डोंगरातून खास माणूस पाठवून आणवत.

ताजा माल आला. वेळ थोडा म्हणून बद्रीनाथनं त्याच दिवशी कुटला, त्याच दिवशी भिजवला. गरगऱ्यावर आटवला. नम्रतानं पेशींवर टाकला. दोन दिवसांनी तबकडी बाहेर आली.

जांभळी.

कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जांभळी. पुन्हा केलं, जांभळी. नम्रताचा चेहरा असा झाला, की बद्रीनाथनं तिच्यासमोर चहाचा कप ठेवला नि मागं सरकला. सरांनी हातांची घडी घातली. म्हणाले, "पहिला माल खरा होता. हा खोटा आहे. गिऱ्हाईक पक्कं झालं की भेसळ सुरू, आपल्याकडची रीतच आहे ही." आणि त्यांनी टाइप करून घेतलं: 'आपण पुरवलेला माल निकृष्ट आढळल्याने आपले नाव पुरवठादारांच्या यादीतून कमी करण्यात येत आहे.' खाली सही, शिक्का. पत्राच्या प्रती शहरातल्या आणखी दोन संस्थांना, ज्या याच दुकानातून माल घेत. "इंगोले, आपल्या शेजारचेच ना ते? जाता जाता द्या."

बद्रीनाथ सायकलवरून निघाला तो तापतच निघाला. त्याच्या शब्दावर संस्थेनं त्या दुकानाचं नाव लावलं होतं. चतुःशृंगीपासून शनिवारवाड्यापर्यंत तो मनातल्या मनात भांडत आला, आणि दुकानासमोर पोचेपर्यंत सगळं तोंडाशी आलं होतं.

"शमशुद्दीनभाई! फसवलं तुमी मले! खोटा माल देल्ला! चार पिढ्यांचं नाव सांगता आन गवत विकता काय जी?"

संध्याकाळची पाचची वेळ, गल्ली भरलेली. समोरचा तांबट ठोकायचा थांबला. भाजी घेऊन निघालेल्या बायका थांबल्या. शमशुद्दीनभाई गल्ल्यावर बसले होते. साठीचे, दाढीला मेंदी, नाकावर चष्मा. त्यांनी पत्र घेतलं, सावकाश वाचलं, घडी घातली.

"झालं ओरडून? की अजून शिल्लक आहे? असेल तर आत येऊन ओरड, बाहेर गिऱ्हाईक उभं आहे."

"आतबीत नाई येत मी."

"नको येऊस. मी बाहेर येतो." ते आत वळून म्हणाले, "अगं बिलकिस, एकोणतीस नंबरचं पोतं सरकव जरा."

त्यांच्या बेगमनं पोतं दारापर्यंत ओढून आणलं. "बद्रीभाऊ, ओरडल्यावर पाणी तरी प्या," म्हणाल्या, आणि पेलाही ठेवला. शमशुद्दीनभाईंनी पोत्यात हात घातला, मूठभर मुळ्या काढून बद्रीनाथपुढं धरल्या. "घे. डोळे मीट आणि सांग. तूच सांगतोस ना सगळ्यांना, की नाकानं ओळखतो म्हणून?"

बद्रीनाथनं हुंगलं. एकोणतीस नंबर होता. शंभर टक्के. भेसळीचा दर्पसुद्धा नाही. त्याचा राग पाण्याचा हबका मारलेल्या दुधासारखा एकदम खाली बसला, पण गल्ली बघत होती, म्हणून तो म्हणाला, "मंग पहिला माल काऊन चालला आन हा काऊन नाई चालला?"

"ते मी कसं सांगू? कॉम्प्युटर आहे का माझ्याकडं? पहिला मालही याच डोंगरातला. मी त्याला काही केलं नाही. तू काही केलंस का?" आणि मग थोडं हसून, आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि काय रे, दोन वर्षांपूर्वी मेमध्ये माझ्याकडून दीड किलो वेखंड नेलंस. वेखंड आम्ही देतो तान्ह्या बाळाच्या पोटाला उगाळून लावायला. तुझी पोरं तर कॉलेजात. मी बिलकिसला म्हटलं, बद्रीच्या घरी गोड बातमी दिसते, पण या वयात विचारावं कसं?"

बायका हसल्या. तांबट हसला. बद्रीनाथ हसला नाही. तो पोत्याशेजारी उभा होता तसाच खाली बसला.

वेखंड! त्याची आई तुरीचं बियाणं भरताना वेखंड जाडसर कुटून थराथरावर भुरभुरायची. वर्षभर ठेवलं तरी दाण्याला भोक पडायचं नाही. सरांच्या त्या किड्यांच्या बोलण्यानंतर यानं तेच केलं होतं. पावसाळ्याच्या तोंडावर, स्वतःच्या खिशातून आणून, साठच्या साठ डब्यांत. कुटायला काढताना झटकायचा, पण भुकटी ती, चिकटून राहणारच. ताज्या मालाला वेखंड लागलंच नव्हतं. तो डब्यात गेलाच नव्हता!

पेल्यातलं पाणी तसंच ठेवून तो उठला. सायकल तशीच हातानं ढकलत घराकडं निघाला. आणि मागं वळून बघतो तर शमशुद्दीनभाई ते पत्र दुकानाच्या काचेवर खळीनं चिकटवत होते. कुणीतरी विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, "गिऱ्हाइकाला कळायला नको? चार पिढ्या झाल्या, सरकारी शिक्क्याचं पत्र पहिल्यांदाच आलंय घरात."

घरी ताटावर बसल्या बसल्या विजयमालानं ओळखलं. "काऊन जी, पोयी अर्धीच ठेवली?"

त्यानं सगळं सांगितलं. सांगितलं की सर काढूनच टाकतील. दोन वर्षांचं काम मातीत घातलं मी. गप्प बसलो तर कुणाला कळणारही नाही.

विजयमाला तव्यावरची पोळी उलटत म्हणाली, "नोकरी गेली तं दुसरी पाहू. त्या भाईच्या काचेवर जे लागलं हाय, ते कोनं लावलं? तुमीच ना? मंग काढन कोन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बद्रीनाथ चहा न घेता सरांच्या खोलीत गेला. नम्रता तिथंच होती, मुंबईच्या डॉक्टरांना 'येऊ नका' म्हणून कळवायचं पत्र लिहीत.

"सर, अत्तारांनी काही नाही केलं. मी केलं."

"काय केलंत?"

"वेखंड घातलं."

"कशात?"

"सगळ्यात. साठही डब्यांत. किडे लागू नयेत म्हणून."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग ते अगदी हळू म्हणाले, "इंगोले, दोन वर्षं मी समजत होतो की आपण कर्करोगावर काम करतोय. आपण लोणचं घालत होतो तर."

"किडे लागले नाहीत, सर."

"नाही लागले. खरं आहे. त्याबद्दल आपला सत्कार करायला हवा." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "म्हणजे एकोणतीसमध्ये काही नव्हतंच. पेशी मारल्या त्या वेखंडानं. बाळांच्या पोटाला लावतात त्या वेखंडानं. मुंबईला काय तोंड दाखवू मी?"

बद्रीनाथ खाली मान घालून उभा. आणि तेवढ्यात नम्रताच्या हातातलं पेन खाली पडलं.

"सर! वेखंड साठही डब्यांत होतं."

"ते कळलं मला."

"मग साठही तबकड्या पिवळ्या व्हायला हव्या होत्या! एकोणसाठ जांभळ्या झाल्या, सर. वेखंडानंच पेशी मरत असत्या तर सगळीकडं मेल्या असत्या!"

सर हळूहळू वळले. "परत बोला."

"नुसत्या एकोणतीसनं मरत नाहीत, ते या आठवड्यात बघितलं. नुसत्या वेखंडानं मरत नाहीत, ते एकोणसाठ वेळा बघितलंय, आपल्याला माहीत नव्हतं एवढंच. मरतात ते दोघं एकत्र आल्यावर!"

आता कसं सांगावं त्या खोलीत काय झालं ते! ज्या माणसाचा आवाज कधी चढला नाही, ते खासगीवाले सर खुर्ची मागं लोटून उभे राहिले आणि ओरडले, "इंगोले! आपल्या नोकरीचं आपण नंतर बघू! आधी सांगा, किती घातलंत?"

"मूठभर, सर. डब्याला एक मूठ."

"मूठ म्हणजे किती ग्रॅम?"

"मूठ म्हणजे... मूठ, सर."

मग तराजू आला, काचेच्या पेटीतला, केसाचंसुद्धा वजन सांगणारा. वेखंड आलं. बद्रीनाथला मूठ भरायला लावली. बावीस ग्रॅम. पुन्हा भरा. बावीस. दहा वेळा भरायला लावली सरांनी, नऊ वेळा बावीस भरलं, एकदा एकवीस, आणि त्या एकदा बद्रीनाथ स्वतःच म्हणाला होता, "ही जरा हलकी झाली." सर तराजूकडं बघत राहिले. "पस्तीस हजारांचं यंत्र घेतलंय मी हे मोजायला," म्हणाले. मग नम्रतानं प्रयोगाची वही बद्रीनाथपुढं सरकवली. "काका, तुम्ही काय केलंत ते तुमच्या हातानं लिहा." नोकरीच्या चौदा वर्षांत त्या वहीला त्यानं कधी हात लावला नव्हता. त्यानं गुरुजींनी शिकवलेल्या वळणदार अक्षरात लिहिलं: दर डब्यास वेखंड एक मूठ, जाडसर कुटून, थरावर थर. खाली तारीख, खाली सही.

नवी तबकडी मांडायची ठरली. एका ओळीत नुसता एकोणतीस. दुसरीत नुसतं वेखंड. तिसरीत दोन्ही, बद्रीनाथच्या मुठीच्या मापानं. आणि चौथी ओळ सगळ्यांत महत्त्वाची. तिच्यात निरोगी माणसाच्या रक्तातल्या पेशी आणि त्यांच्यावरही दोन्ही. कारण आजारी पेशी मारणं सोपं आहे हो, ॲसिडसुद्धा मारतं. चांगल्याला न मारता वाइटाला मारायचं, तिथं सगळी मेख.

"निरोगी रक्त कुणाचं घ्यायचं?" नम्रतानं विचारलं.

बद्रीनाथनं बाही वर केली. "माझं घ्या. चूक माझी आहे."

"चुकीचा आणि रक्ताचा काही संबंध नसतो," सर म्हणाले. "पण घ्या. यांचं रक्त किड्यांना नक्की चालत नसणार."

संस्थेच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं रक्त काढलं. तबकडी उबेच्या कपाटात गेली. ते दोन दिवस बद्रीनाथ त्या कपाटासमोरून दिवसातून तीस वेळा गेला असेल. आत बाळंतपण चाललेलं असावं नि घरच्या पुरुषानं अंगणात उगाच फेऱ्या माराव्यात, तसा. एकदा तर सरही समोरून फेरी मारताना भेटले. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि दोघंही दुसऱ्याच कामाला निघाल्यासारखे निघून गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी नम्रतानं पिवळं औषध घातलं. वाट बघायची ती वाट बघितली. तबकडी बाहेर काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

पहिली ओळ, नुसता एकोणतीस. जांभळी.

दुसरी, नुसतं वेखंड. जांभळी, थोडी फिकी, पण जांभळीच.

तिसरी ओळ. पिवळी! झेंडू! सोनं!

"आणि चौथी?" सर पुढं वाकले. "चौथी बघा हो!"

चौथी ओळ बद्रीनाथच्या रक्ताची. त्यानं डोळे मिटून घेतले होते. नम्रतानं त्याचा दंड धरून हलवलं. "काका, उघडा डोळे. तुमच्या पेशी जिवंत आहेत! सगळ्या!"

जांभळी. ज्या रंगाचा त्याला दोन वर्षं तिटकारा होता, तो रंग बघून त्या पन्नाशीच्या माणसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. नम्रता तर उड्याच मारत होती. तिनं तिथल्या फोनवरून लोणीला फोन लावला नि ओरडून सांगितलं, "आप्पा, जमलं!" पलीकडून आवाज आला, "काय, म्हैस व्याली?" सर "हं" एवढंच म्हणाले. पण ते 'हं' त्यांनी चार वेळा म्हटलं, आणि सदाशिव पेठेत याला नाचणं म्हणतात.

मग त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. "हे काचेत झालंय. काचेतून उंदरापर्यंत जायचं, उंदरातून माणसापर्यंत. पुष्कळशी औषधं वाटेतच गळतात. हेही गळेल कदाचित. दहा वर्षं लागतील, कदाचित जास्त. पण उद्यापासून लागायचं." मुंबईच्या डॉक्टरांना पत्र गेलं, जरूर या. आणि बद्रीनाथला सर म्हणाले, "यापुढं डब्यात काय घालायचं ते घाला. फक्त आधी वहीत लिहा."

"म्हणजे नोकरी..."

"ही मूठ दुसरीकडं कुठं मिळायची मला? आता चला."

"कुठं, सर?"

"कसबा पेठेत. माझंही एक काम तिथं अडलंय."

सरांची स्कूटर गल्लीच्या तोंडाशीच अडली, तिथून पुढं दोघं चालत गेले. दुकानात गर्दी होती. काचेवर ते पत्र तसंच. सरांनी ते स्वतःच्या नखानं खरवडून काढायला सुरुवात केली. शमशुद्दीनभाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"राहू द्या साहेब. लोक वाचायला थांबतात, दुकानाला शोभा आहे."

सरांनी खिशातून नवं पत्र काढून दिलं. शमशुद्दीनभाईंनी ते दोनदा वाचलं. "'यादीत पुन्हा समाविष्ट करण्यात येत आहे.' मेहेरबानी. पण साहेब, चूक कुणाची होती ते यात कुठं लिहिलंय? की शेवटचं पान घरी राहिलं?"

गल्ली पुन्हा थांबली होती. तांबटाची हातोडी अधांतरी. खासगीवाले सरांनी पेन काढलं, गल्ल्यावरच पत्र टेकवलं आणि शिक्क्याच्या खाली लिहिलं: 'माल अस्सल होता. चूक आमची होती.' सही केली. "दोन्ही संस्थांना प्रत आजच जाईल," म्हणाले. मग जमलेल्या लोकांकडं वळून, कुणीही न विचारता, त्यांनी बजावलं, "आणि कुणीही काहीही घरी उकळून पिऊ नका. जे काचेत झालंय ते काचेतच राहू द्या अजून."

"काय झालंय काचेत?" तांबटानं विचारलं. पण शमशुद्दीनभाईंनी हात वर केला. त्यांचं अजून संपलं नव्हतं. त्यांनी बद्रीनाथकडं बोट केलं.

"साहेबांचं लिहून झालं. आता तुझं. तू लिहून दिलं नव्हतंस, ओरडला होतास. तेवढ्याच मोठ्यानं."

बद्रीनाथ रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. एक रिक्षा त्याच्यामुळं अडली, तिनं भोंगा वाजवला, यानं हातानंच तिला थांब म्हटलं. छाती भरून श्वास घेतला.

"ऐका हो! शमशुद्दीनभाईचा माल सच्चा हाय! चारी पिढ्यांचा! खोटा मी होतो! वेखंड मी घातलं होतं!"

वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या. रिक्षावाल्यानं बाहेर डोकं काढून विचारलं, "काका, कशात घातलं होतं?"

"कर्करोगात!" बद्रीनाथ तेवढ्याच मोठ्यानं ओरडला, आणि मग त्याला स्वतःलाच हसू आवरेना.

शमशुद्दीनभाई गल्ल्यावरून खाली उतरले, येऊन त्याला मिठी मारली, आणि त्याच्या खांद्यावरूनच आत हाक दिली, "बिलकिस, चहा ठेव. चार कप. आणि साहेब, एकोणतीस नंबर किती बांधू? वेखंड किती?"

सर काही बोलायच्या आत बद्रीनाथनं मूठ वर करून उत्तर दिलं होतं, "डब्याला एक मूठ!"